उरलेलं मटण नीट कसं ठेवावं? घरात गरोदर मुलगी आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गटारी तोंडावर आली आहे. आमच्याकडे लालबागला त्या रविवारी सगळे दीर-जावा जमतात, मटणाचा मोठा टोप चढतो आणि रात्री बरंच उरतं. या वेळी धाकटी नणंद बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, सातवा महिना आहे. म्हणून उरलेल्याचं आधीच ठरवून ठेवायचं आहे.

सासूबाई रात्री रस्सा खळखळून उकळतात, झाकण ठेवतात आणि टोप ओट्यावरच राहतो. सकाळी पुन्हा उकळी. गावी फ्रिज नव्हता तेव्हा याच पद्धतीने त्यांनी मोठं घर सांभाळलं, त्याबद्दल मला आदरच आहे. पण उकळीने सगळंच मरत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे बीजाणू शिजवूनही वाचतात आणि टोपभर रस्सा रात्रभर हळूहळू निवताना भराभर वाढतात. स्टॅफिलोकॉकसने एकदा विष सोडलं की ते पुन्हा उकळूनही जात नाही, आणि पदार्थाला वासही येत नाही. त्यामुळे 'वास घेऊन बघ' यावर विसंबायला मन धजत नाही.

मला माहीत आहे ते असं: शिजवलेलं मांस दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. फ्रिज ४ अंश किंवा त्याहून थंड हवा, आणि ३-४ दिवसांत संपवायचं. पुन्हा गरम करताना अगदी आतपर्यंत ७५ अंश. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात तो बाळाला धोकादायक असतो. त्यामुळे नणंदेला शक्यतो ताजंच वाढणार, नाहीतर वाफा येईपर्यंत गरम करून लगेच.

अडतंय ते मोठा टोप लवकर निववण्यापाशी. फ्रिज लहान, एकाच दाराचा. 'गरम ठेवलंस तर फ्रिज बिघडेल, शेजारचं दूधही नासेल,' असं सासूबाई म्हणतात, आणि अख्खा गरम टोप आत ठेवण्याबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. माझा विचार आहे की रस्सा पसरट स्टीलच्या डब्यांत दोन बोटं उंचीपर्यंतच भरायचा, डबे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवायचे आणि वर पंखा लावायचा. पावसाळ्यातल्या आपल्या दमट हवेत हे कुणी केलंय का? कोमट व्हायला साधारण किती वेळ लागला? बर्फ बाहेरून आणावा लागतो का?

फ्रिजच्या बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत, एवढं कळलं. आत ठेवायचा साधा थर्मामीटर लालबाग-दादरकडे कुठे मिळेल?

सोमवारच्या डब्याचंही विचारायचं आहे. नवरा सकाळी सातला लोकल धरतो आणि एक वाजता जेवतो. मधले सहा तास मटण कोमट राहणार, हेच मला नको आहे. ऑफिसात फ्रिज आणि मायक्रोवेव्ह दोन्ही आहेत. घरातून थंडगार डबा बर्फाच्या पिशवीसोबत द्यावा, की कडकडीत गरम थर्मासच्या डब्यात? थर्मास एक वाजेपर्यंत ६० अंशांच्या वर राहतो का, कुणी मोजलंय?

भाजक्या खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा फ्रीझरमध्ये ठेवणाऱ्यांनीही सांगा. बटाटे काढूनच ठेवणार आहे, ते नंतर भुसभुशीत लागतात. सुकं आणि रस्सा वेगळं ठेवणं बरं पडतं का?

आणि ज्यांच्या घरी सासूबाईंची पद्धत त्यांना न दुखावता बदलली, त्यांनी सुरुवात कशी केली तेही कृपया लिहा.