मदत हवी आहे : शाळेची फी, पालक सभेचं इतिवृत्त आणि २५ टक्क्यांची अट

नागपूर, मानेवाडा भाग. मुलगी सहावीत, खासगी विनाअनुदानित शाळा. फी ४८,००० वरून थेट ६१,००० झाली. मागच्या वर्षीही वाढली होती. २०११ च्या शुल्क कायद्यानुसार तर एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही ना? पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं मंजुरी दिली म्हणतात, पण सभेचं इतिवृत्त दाखवत नाहीत. अर्जावर पोच दिली नाही, म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवला. उत्तर नाही. शाळा बदलायची नाही, मुलगी तिथे रमली आहे.

विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला २५ टक्के पालक लागतात, आम्ही जेमतेम अठरा. बाकीचे मुलांना त्रास होईल म्हणून घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही. इतक्या कमी पालकांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडून इतिवृत्त मिळवलंय का कुणी? अर्ज नेमका कसा लिहिला?