विंडसरचे हंस: जवळून बघितलेत? मग लिहा

थेम्सकाठची
पुण्याहून इकडे इंग्लंडात, विंडसरला पाहुणे यायचा मोसम सुरू झाला. पिशवीत शिळ्या पोळ्या बघितल्या की पहिला उन्हाळा आठवतो. हंसांशी कसं वागायचं, ते नदीचा सराव असलेल्यांनी लिहा. माझं आधी: खाणं काठावर नाही, पाण्यात टाका. काठावर टाकलं की ते वर चढतात, मग रस्त्यावर येतात. लेट्यूस किंवा पालक चिरून, नाहीतर मूठभर भिजवलेले गहू. बुरशी धरलेला पाव अजिबात नको.

स्लाउकर
तूप लावलेली पोळी? 😀

थेम्सकाठची
ती तुम्ही खा दादा.

नेमाने_नदीवर
एप्रिल ते जून घरट्याचे दिवस, तेव्हा नर फार तापट. चोचीच्या मुळाशी काळी गाठ मोठी तो नर. पंख शिडासारखे उभारून मान मागे खेचली की समजायचं, हद्द ओलांडलीत. पाठ दाखवून पळू नका, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरका. कुत्रा असेल तर दोरी आखडून. खरी चूक होते फोटोत: राखाडी पिल्लं आणि आईबाप यांच्या मधे कुणीतरी उकिडवं बसतं, आणि लहान मुलाचं तोंड नेमकं चोचीच्या उंचीला.

मुळामुठा
हात मोडतो म्हणतात ते?

नेमाने_नदीवर
अतिशयोक्ती. दहा-बारा किलोचा पक्षी, फटका सणसणीत लागतो, काळंनिळं होतं. हाड मोडणं दूरच.

स्लाउकर
सगळे हंस राजाचे ना? मग तक्रार राजवाड्यात करा की.

बोटवाला
सगळे नाहीत. खुल्या पाण्यातल्या, खूण नसलेल्या हंसांवर राजाचा हक्क, तोही थेम्सच्या काही भागातच बजावतात. व्हिंटनर्स (दारूचे व्यापारी) आणि डायर्स (रंगारी) या लंडनच्या दोन जुन्या व्यावसायिक संघांचेही हंस असतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वल्ह्यांच्या होड्यांतून पिल्लं धरून वजनं करतात, ते बघायला या. पूर्वी चोचीवर खाचा पाडत: डायर्सची एक, व्हिंटनर्सच्या दोन. आता पायात कडं. आणि महत्त्वाचं: चोचीतून मासेमारीचा दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. गळ घशात असतो, दोरा कापला की उरलेला आत जातो. पक्षी नजरेत ठेवून आरएसपीसीएला, म्हणजे इथल्या प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन. हंसांना शिशाची विषबाधा मात्र आता कमी, गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर 1987 पासून बंदी आहे.

आजोबा_ठाणे
दूध पाणी वेगळं करतो का पण?

थेम्सकाठची
आजोबा 🙏 त्याचं सगळं लक्ष पाणवनस्पतींवर. शेपूट वर, मान खाली, मीटरभर खोलवरचं खुडतो. आणि भिगवणला हिवाळ्यात हंस म्हणून दाखवतात तो पट्टकदंब, वेगळा पक्षी.

मुळामुठा
रविवारी गाडी कुठे लावायची?

स्लाउकर
गाडी आणूच नका. स्लाउहून विंडसर अँड इटन सेंट्रल स्टेशन, सहा मिनिटांची रेल्वे. उतरलात की नदी जवळच.