गर्दी ओसरल्यावरची लोकल: दोन गाड्यांत किती अंतर चालेल?

गर्दीच्या वेळच्या लोकलविषयी पुष्कळ बोलले जाते. भर दुपारी किंवा रात्री दहानंतर फलाटावर ताटकळणाऱ्यांविषयी फारसे नाही. अशा वेळी प्रवास करणाऱ्यांनी आपला अनुभव आणि आपल्याला चालेल असे अंतर लिहावे.

घाटकोपर : दुपारी वेळापत्रक पाहावेच लागत नाही, एक गाडी चुकली तरी पुढची लगेच येते. तक्रार केली तर कल्याणपलीकडचे हसतील.

आटगाव : हसत नाही, पण हिशेब सांगते. कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटतात. आमच्या वाटेवरच्याही कित्येक गाड्या टिटवाळ्याला किंवा आसनगावला संपतात, त्यामुळे पुढच्या स्थानकांच्या वाट्याला उरतात त्या मोजक्याच. माझी रुग्णालयातील पाळी दुपारी दोनला सुटते. कसारा लोकल हुकली की आसनगावपर्यंत येऊन पुढे रिक्षा शोधायची, आणि ती भरेपर्यंत थांबायचे, हे ठरलेले. त्यातच लोकल आणि मेल-एक्स्प्रेस एकाच रुळांवरून धावतात. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की आमची लोकल बाजूला उभी राहते. मला दहा मिनिटांनी गाडी नको आहे. दर अर्ध्या तासाला, तीही दर तासाच्या त्याच मिनिटाला सुटणारी मिळाली, तर पाळी संपल्यावर धावत सुटावे लागणार नाही.

कामशेत : पुणे–लोणावळा मार्गावर दुपारी कित्येक तास लोकलच नसते. सकाळचे वर्ग संपलेले विद्यार्थी त्या वेळी एसटी किंवा वडाप पाहतात, आणि पासाचे पैसे वाया जातात ते वेगळेच.

उरण : जानेवारी २०२४ मध्ये आमच्याकडे लोकल आली, त्याआधी मोरा–भाऊचा धक्का लाँच होती आणि तिचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या मर्जीवर चाले. म्हणून तासाभराचे अंतर सुरुवातीला चैनीचे वाटले. आता मात्र अर्धा तास हवासा वाटतो.

डोंबिवली, रुळांच्या देखभालीतून निवृत्त : रूळ आणि ओव्हरहेड वायर तपासायला गाड्यांमधली मोकळीक लागतेच, आणि ती दुपारी किंवा मध्यरात्रीनंतरच मिळते. मात्र त्यासाठी सलग तीन-चार तास गाडीच नसावी, हे मला पटत नाही. कामाचे दोन तुकडे करून मध्ये एक गाडी सोडता येते; आम्ही तसे काम केलेले आहे.