प्रकल्पासाठी इंधनावरची रिमोट कार: पेट्रोल चालेल का?

प्रश्न: १:१० मापाच्या गाडीसाठी २.५ सीसीचं ग्लो इंजिन घेतलंय. साधं पेट्रोल घातलं तर? क्लच लागतोच का?

उत्तर १: पेट्रोल अजिबात नको. या इंजिनात ठिणगी नसते. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलमुळे तापलेली राहते, आणि वंगणही इंधनातूनच मिळतं. १६ ते २० टक्के नायट्रोमिथेन आणि साधारण १० टक्के तेल असलेलं तयार इंधन घ्या. मिथेनॉल विषारी आहे, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेतच भरा.

उत्तर २: सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप चाकांना जोडणारा) हवाच, नाहीतर गाडी थांबली की इंजिनही बंद. सर्व्हो (रिमोटच्या सिग्नलवर हलणाऱ्या छोट्या मोटारी) दोन: एक स्टिअरिंगला, दुसरा थ्रॉटल-ब्रेकला. आणि कृपया, रिसीव्हरचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर गाडीने काय करायचं ती सेटिंग) ब्रेकवर सेट करा. सिग्नल तुटून थ्रॉटल उघडा राहिला तर गाडी कुणाच्याही पायावर जाईल.

उत्तर ३: पहिल्या चार-पाच टाक्या कार्ब्युरेटरची सुई (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) जास्त उघडी ठेवून, हळूच चालवा. एक्झॉस्टमधून धूर दिसायलाच हवा. मग सुई एका वेळी १/८ फेरा आवळा आणि इंजिनाच्या हेडचं (वरच्या भागाचं) तापमान मोजा. १०० ते ११५ अंश सेल्सिअस ठीक. धूर गायब, वेग छान, असं वाटलं की थांबा: इंधन कमी पडतंय, म्हणजे तेलही. पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टनभोवतीची नळी) तिथेच खराब होतात.