साल्सा ‘वाटायचा’, ‘भरडायचा’ की नुसता ‘फिरवायचा’?

धागाकर्ती:
मागच्या रविवारी मावशीला फोनवर साल्साची, म्हणजे मेक्सिकन पद्धतीच्या टोमॅटोच्या चटणीची, कृती सांगितली. चार पिकलेले टोमॅटो, अर्धा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, लसणाची एक पाकळी, मूठभर कोथिंबीर, एका लिंबाचा रस, अर्धा चमचा मीठ. शेवटी म्हटलं, “सगळं मिक्सरमधून वाटून घे, झालं.” तासाभराने तिने फोटो पाठवला. पातेल्यात फिकट गुलाबी रंगाचं पातळ काहीतरी आणि वर बोटभर फेस. खाली लिहिलं होतं, “अगं, हे सारासारखं झालंय. फोडणी देऊ का?”

मावशीचं काहीच चुकलं नव्हतं. मी ‘वाट’ म्हटलं, तिने वाटलं. तिच्या स्वयंपाकघरात ‘वाटणे’ म्हणजे बोटांत घेतल्यावर कण लागता कामा नये. पाट्या-वरवंट्यावर हात बसलेल्या बाईला याहून वेगळा अर्थ कसा लागणार? चुकीचं होतं ते मी वापरलेलं क्रियापद.

तेव्हापासून मराठी पाककृती या एकाच नजरेने वाचते आहे. कुणी ‘वाटा’ लिहितं, कुणी ‘ब्लेंड करा’, आणि हल्ली हिंदीतलं ‘दरदरा’ सर्रास येतं. ‘दरदरा’ वाचलं की मला वाईट वाटतं, कारण या जाडसर, कण राहिलेल्या पोतासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही. तुम्ही कोणता शब्द वापरता? आणि दुसरा प्रश्न: साल्सा ‘केला’ की ‘केली’?

कोल्हापूरकर:
ताई, माझं मत ‘ठेचणे’ला. आमच्याकडे खर्डा करताना मिरच्या, लसूण, शेंगदाणे तव्यावर भाजतात आणि तिथंच तांब्याच्या बुडानं रगडतात. मिरचीचं साल दिसतं, दाण्याचा तुकडा दाताखाली येतो. साल्साला हेच पाहिजे ना? मग त्याला टोमॅटोचा कच्चा ठेचा म्हणा. आणि लिंग म्हणाल तर ठेचा, खर्डा यांच्या ओळीत ‘तो साल्सा’. आकारान्त शब्द मराठीत आला की बहुधा पुल्लिंगी होतो. तो पिझ्झा, तो पास्ता, तो सोडा.

धागाकर्ती:
दादा, नाव म्हणून ‘कच्चा ठेचा’ फार आवडलं. क्रियापदाबाबत मात्र अडतं. ठेचण्यात वरून दाब असतो, त्याने मिरची-लसणाचा रस सुटतो आणि फोड चेचली जाते. मिक्सरचं पातं चेचत नाही, कापतं, आणि जोरात फिरताना हवाही आत ओढून घेतं. ती हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपात रसात अडकते, म्हणून फेस येतो आणि लाल टोमॅटो गुलाबी दिसायला लागतो. मावशीच्या पातेल्यात नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे मिक्सरच्या कृतीत किती बारीक करायचं याच्याइतकंच कुठे थांबायचं हेही शब्दाने सांगायला हवं. आई ‘नुसतं फिरवून घे’ म्हणते तेव्हा त्या ‘नुसतं’मध्येच थांबण्याची सूचना असते.

ह्यूस्टनहून:
मेक्सिकोची बाजू मी सांगतो, कारण इथे माझ्या कामावर निम्मी मंडळी तिकडची आहेत. स्पॅनिशमध्ये ‘साल्सा’ म्हणजे कुठलाही सॉस. मूळ लॅटिन शब्द मीठ या अर्थाच्या ‘साल’वरून आलेला, म्हणजे अक्षरशः ‘खारवलेली’. आपला रोजचा ‘सॉस’ही त्याच शब्दाचं फ्रेंचमार्गे आलेलं रूप. स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत नावात्ल भाषेत वाटलेल्या कालवणाला ‘मोल्ली’ म्हणत. ग्वाकामोले या ॲव्होकाडोच्या चटणीतलं ‘मोले’ तेच, आणि ‘मोल्काहेते’ हा तीन पायांचा दगडी खल म्हणजे मोल्लीचं भांडं.

आता तुमच्या मुद्द्याचं. मेक्सिकन माणूस क्रियापदावर अडतच नाही, तो साल्सालाच उपकरणाचं नाव देतो. खलातला तो ‘मोल्काहेतेआदा’, मिक्सरमधला तो ‘दे लिकुआदोरा’. लिकुआदोरा हे ब्लेंडरचं नाव, ‘लिकुआर’ म्हणजे द्रवरूप करणे यावरून आलेलं. म्हणजे त्या यंत्राच्या नावातच पातळ करणं आहे! आणि पातळ साल्सा तिथे दोष मानत नाहीत, टाकोवर, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या मक्याच्या पोळीवर, ओतायला तोच लागतो. इथे टेक्सासात हॉटेलात बसल्या बसल्या मक्याच्या चिप्सबरोबर जी वाटी येते, त्यातलाही बराचसा सरसरीतच असतो. अजिबात यंत्र न लावता सुरीने चिरलेल्या साल्साला ‘पिको दे गायो’ म्हणतात, म्हणजे कोंबड्याची चोच. मला विचाराल तर ती आपली कोशिंबीरच, फक्त दाण्याचं कूट नाही.

धागाकर्ती:
‘खारवलेली’ वाचून उठून बसले. आपलं ‘लोणचं’ही ‘लवण’वरूनच आलं आहे! म्हणजे व्युत्पत्तीने साल्साचं नातं चाटण्यावरून आलेल्या चटणीशी नाही, लोणच्याशी आहे. आणि मिठाचं काम तिथेही खरंच मोठं आहे. चिरलेल्या टोमॅटोला मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं. ते आधीच काढून टाकलं तर मिक्सरमधला साल्सा पातळ होत नाही. (ते पाणी फेकू नका, आमटीत घाला.)

नागपूरकर:
शब्दांवरच चाललंय तर आमचे दोन घ्या. वऱ्हाडात टोमॅटोला भेदरं म्हणतात आणि कोथिंबिरीला सांबार. पुण्यात नवीन असताना भाजीवाल्याला “सांबार द्या” म्हटलं तर त्याने समोरच्या इडलीच्या गाडीकडे बोट दाखवलं होतं. मेक्सिकोतही असंच आहे असं ऐकलंय, खरं का?

ह्यूस्टनहून:
अगदी खरं. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटो म्हणजे ‘हितोमाते’, आणि नुसतं ‘तोमाते’ म्हटलं तर पातळ कागदी आवरणातलं हिरवं आंबट फळ हातात देतील. उत्तरेकडे लाल टोमॅटोलाच ‘तोमाते’ म्हणतात, हिरव्याला ‘तोमातियो’. हिरवा साल्सा म्हणजे ‘साल्सा वेर्दे’ होतो त्या तोमातियोचा. आपले कच्चे टोमॅटो घालून ती चव येत नाही, मी करून पाहिलंय.

कोल्हापूरकर:
बरं, मग ‘साल्स्यात मीठ’ की ‘साल्सामध्ये मीठ’? मी ठेच्यात म्हणतो, पास्त्यात म्हणतो, त्या न्यायाने साल्स्यात.

धागाकर्ती:
नियमाने ‘साल्स्यात’च. जीभ अजून अडखळते, पण ‘पिझ्झ्यावर’ रुळलंच की! लिंगाबद्दल: स्पॅनिशमध्ये शब्द स्त्रीलिंगी आहे, तरी मी तुमच्याच बाजूने. शब्द आपल्या घरी राहायला आला की घरच्या वळणाने चालतो.

क्रियापदाचा माझा निर्णय ‘भरड काढणे’. भरड मुळात जात्यावरची, धान्याची, हे मान्य. पण कण राहिले पाहिजेत, हे त्या शब्दाइतकं चटकन दुसऱ्या कशाने कळत नाही. काल मावशीला पुन्हा फोन केला आणि असं सांगितलं: आधी मिरची, लसूण, मीठ आणि कोथिंबिरीच्या काड्या फिरव. मग पाणी निथळलेले टोमॅटो घाल. बटण डावीकडे धर, ‘एक’ म्हण, सोड. असं पाचदा. दर वेळी झाकण काढून बघ, फोडी हरभऱ्याच्या डाळीएवढ्या दिसल्या की थांब. भरड हवी, पळीवाढं नको. कांदा मिक्सरमध्ये घालूच नको, तिथे तो उग्र होतो. सुरीने बारीक चिर, दहा मिनिटं गार पाण्यात ठेव, पिळून वरून घाल. लिंबू आणि कोथिंबिरीची पानं शेवटी.

आज सकाळी तिने पाककृतींच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत लिहिलंय: ‘साल्सा. टोमॅटोचा कच्चा ठेचा, भरड. मिक्सर पाच वेळा, मोजून.’ त्याखाली नंतर पेन्सिलीने घातलेली ओळ: ‘ह्यांना भाकरीबरोबर आवडला.’