नवीन लॅपटॉपमुळे सुट्या ड्राइव्हची मागणी बदलली आहे. माल किती भरावा? (मदत हवी आहे)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे संगणक विक्री-दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. पुढच्या महिन्यात पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, पोर्टेबल एसएसडी आणि एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर यांचा माल भरायचा आहे, परंतु माझे अंदाज वर्षभर चुकत आले आहेत, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षा अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या जुन्या यंत्रांत विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा त्याला चालणारा प्रोसेसर नव्हता, त्यांपैकी बऱ्याच जणांनी नवीन लॅपटॉप घेतले. जुन्या यंत्रात एक टीबीची हार्ड डिस्क होती आणि नवीन लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीचीच एसएसडी आहे, त्यामुळे उरलेला डेटा ठेवायला प्रत्येकाला बाहेरची डिस्क लागते आणि लॅपटॉपच्या बिलातच ती खपते. मात्र तो ग्राहक पुढची चार-पाच वर्षे दुसरी डिस्क घ्यायला येत नाही. शिवाय जुनी डिस्क काढून यूएसबीने जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये बसवून देतो तेव्हा माझी विक्री मीच बुडवतो. पण शेजारधर्म म्हणून तेही करावे लागते.

खरी अडचण डीव्हीडी रायटरची आहे. नवीन लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी पेन ड्राइव्हवर घ्यायला लोक येतात आणि गावातल्या दोन डॉक्टरांनी केवळ रुग्णांच्या सीटी-एमआरआयच्या सीडी पाहता याव्यात म्हणून रायटर नेले. घाऊक व्यापारी म्हणतो की वीस नगांची पेटी घ्यावी लागेल आणि माल परत घेतला जाणार नाही.

मला १९९८ सालची गोष्ट आठवते. ॲपलने आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्हच दिला नाही, तेव्हा यूएसबीवर चालणाऱ्या बाहेरच्या फ्लॉपी ड्राइव्हना आणि फ्लॉपीपेक्षा जास्त डेटा मावणाऱ्या झिप व सुपरडिस्क ड्राइव्हना गिऱ्हाईक मिळाले. पुढे संगणकांतच सीडी रायटर येऊ लागले आणि शंभर एमबीच्या झिप डिस्कला कोणी विचारेना. नवीन यंत्राने काढून टाकलेल्या वस्तूची मागणी काही काळ वाढते आणि मग कायमची बसते, असे यावरून मला वाटते. डीव्हीडी रायटर आज त्याच टप्प्यावर आहे का? आणि फोटो स्टुडिओवाल्यांना हार्ड डिस्क सुचवावी की एसएसडी?

प्रतिसाद १

तुमचा तर्क बरोबर आहे, परंतु त्यात एक भर घालतो. बाहेरच्या ड्राइव्हची मागणी किती टिकेल हे लॅपटॉप पाहून कळत नाही, कारण तबकडी अजून कोण लिहून देते यावर ते अवलंबून असते. तुमच्या परिसरातील सीटी सेंटर सीडीऐवजी मोबाइलवर लिंक देऊ लागले की डॉक्टरांची मागणी संपेल. तेथे एकदा विचारून या आणि तोवर दोनच नग दुकानात ठेवा. पेटी घेऊ नका. आणखी दोन-तीन दुकानदारांनी मिळून एक पेटी वाटून घेतली तर गोष्ट वेगळी.

स्टुडिओवाल्यांना दोन्ही लागतील. चालू कामाच्या संपादनासाठी एसएसडी द्या, परंतु लग्नाचे फुटेज वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे असेल तर हार्ड डिस्कच, तीही दोन प्रतींत, कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीमधील डेटा जाण्याची शक्यता असते. नवीन पातळ लॅपटॉपना काही वेळा केवळ टाइप-सी पोर्ट असतात, म्हणून एका टोकाला साधा यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेले पेन ड्राइव्ह अवश्य ठेवा.

धागाकर्ता

आभारी आहे. वाटून घेण्याची कल्पना सुचली नव्हती. शेजारच्या गावातील दोघांशी उद्याच बोलतो. एक शंका उरते: स्वस्त पेन ड्राइव्हवर १२८ जीबी छापलेले असते आणि आत तेवढी जागाच नसते, असे दोनदा झाले. विक्रीपूर्वी तपासण्याचा सोपा मार्ग आहे का?

प्रतिसाद १

एच२टेस्टडब्ल्यू नावाचे मोफत साधन वापरा. ते ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचते. वेळ बराच लागतो, म्हणून प्रत्येक लॉटमधला एखाद-दुसरा नग रात्री लावून ठेवा.