रि: रि: रि: अर्जंट – स्टोरेज केजमधलं मंडळाचं सामान

प्रेषक: ताई (डाउनटाउन)

मंडळी, घाईत लिहितेय. सोमवारी आमच्या बिल्डिंगमध्ये फायर इन्स्पेक्शन आहे आणि बेसमेंटमधल्या ज्या ज्या केजमध्ये (प्रत्येक घराची सामान ठेवायची जाळीची खोली) सामान वरपर्यंत चढलंय त्यांचे फोटो काढून मॅनेजरने सगळ्यांना मेल केलीय. पहिलाच फोटो आपला. नाटकाचा मागचा पडदा, त्याचे पाइप, दोन स्पीकर आणि गेल्या कमिटीने "दोनच आठवडे ठेव गं" म्हणत आणून टाकलेली सात खोकी, ज्याला आता दीड वर्ष झालं. एका खोक्यावर कुणीतरी काळ्या मार्करने मंडळाचं नाव इंग्रजीत एवढं मोठं लिहिलंय की मॅनेजरने विचारलं, ही कुठली संस्था आमच्या तळघरात राहायला आलीय? फ्रेट लिफ्ट, म्हणजे सामानाची लिफ्ट, वीकेंडला देत नाहीत. शुक्रवारी 1 ते 3 मिळाली, मी घेऊन टाकली. गाडी कोण आणतंय आणि सामान कुठे जातंय एवढंच सांगा, बाकी चर्चा नंतर.

प्रेषक: अण्णा

वरपर्यंत म्हणजे किती वर? स्प्रिंकलरच्या खाली 18 इंच मोकळे सोडायचे असतात. वरची दोन खोकी खाली उतरव, विषय संपला, एवढ्यासाठी सगळं हलवायचं म्हणजे उगाच धावपळ. आणि मुळात घर घेतलंस तेव्हा केज त्यातच धरली होती ना? मग ती तुझी. तिथे तू काय ठेवतेस हे विचारणारा मॅनेजर कोण? मी कमिटीत होतो तेव्हा असल्या मेलला आम्ही उत्तरसुद्धा देत नसू.

प्रेषक: वहिनी

अण्णा, 18 इंच बरोबर, पण तो मॅनेजरचा हट्ट नाही, फायर कोडच आहे, पाणी छत्रीसारखं पसरायला जागा लागते म्हणून. स्प्रिंकलर नसेल तर छतापासून 24 इंच सोडावे लागतात. आणि केज "तुझी" म्हणजे काय ते आधी डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मूळ कायदेशीर कागदात, बघा. बहुतेक काँडोंत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतींत, केज, बाल्कनी, पार्किंगची जागा हे लिमिटेड कॉमन एलिमेंट असतं, मालकी सगळ्यांची मिळून आणि वापरायचा हक्क एकट्याचा. कुठे कुठे वेगळं डीड असतं, पण तिथेही बायलॉज लागू होतातच. माझ्या बहिणीने बाल्कनीत नुसती जाळी लावली तर काढायला लावली, कबुतरं आजही येतात.

प्रेषक: नाना

आधीच सांगून टाकतो, माझं गॅरेज मिळणार नाही. मागे दोन हिवाळे माझी गाडी बर्फात उभी होती आणि आत तुमचं स्टेजचं लाकूड आरामात झोपलं होतं, कुणाला आठवतंय का? डाउनटाउनला राहायला गेलात तेव्हा सगळीकडे चालत जातो, गवत कापायचं नाही, बर्फ काढायचा नाही, म्हणून आम्हा लांब राहणाऱ्यांची कीव करत होता. आता खोकी आली की आम्ही आठवतो.

प्रेषक: ताई (डाउनटाउन)

नाना, कीव कधी केली नाही, हां, एकदा म्हटलं असेन. पण इथे काय सुख आहे तेही ऐका. सोफा बदलायचा तर आधी लिफ्टचं बुकिंग, मग भिंतींना पॅड लावायचे, मग मूव्हरच्या कंपनीचं इन्शुरन्स सर्टिफिकेट त्यात असोसिएशनचं, म्हणजे आमच्या घरमालकांच्या संस्थेचं, नाव घालून आणायचं, नाव एका अक्षराने चुकलं तर डॉकवरूनच, सामान उतरवायच्या जागेवरूनच, परत. खिडक्या बारा फुटी, जुन्या गोदामाच्या, दिसायला झकास, पण जानेवारीत त्यांच्यापाशी बसवत नाही आणि बदलायच्या तर अगदी जुन्यासारख्याच दिसल्या पाहिजेत. शिवाय आमच्याकडे खिडकीची चौकट असोसिएशनची, मी फक्त आतून पुसायची. वरच्या मजल्यावर कुणी कार्पेट काढून लाकूड टाकलंय, त्याचा कुत्रा रात्री फिरला की नखांचा आवाज मोजता येतो. तरी मला इथेच राहायचंय, ते वेगळं. शुक्रवारचं बोला.

प्रेषक: भाऊ

थोडं विषयांतर. ताईच्या बिल्डिंगसारखी जी जुनी गोदामं आहेत त्यांचं गणित वेगळं असतं. जुनी ऐतिहासिक इमारत दुरुस्त केली तर त्या खर्चाच्या 20 टक्के करात सूट, म्हणजे फेडरल हिस्टॉरिक टॅक्स क्रेडिट, मिळतं पण ते उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच, स्वतः राहायच्या घराला नाही, आणि पाच वर्षांच्या आत विकलं तर त्यातलं परत करावं लागतं. म्हणून कित्येक बिल्डर आधी पाच वर्षं फ्लॅट भाड्याने देतात आणि सहाव्या वर्षी काँडो म्हणून विकायला काढतात. आपण "नवीन" म्हणून घेतो, आतला वॉटर हीटर मात्र चार भाडेकरू बघून झालेला असतो. खिडक्यांची कटकटही तिथूनच येते, क्रेडिट हवं तर इमारतीचं जुनं रूप राखावं लागतं. लॉस एंजेलिसने 1999 मध्ये जुन्या इमारतींत घरं करायला सोपं जावं म्हणून ऑर्डिनन्स केला, त्यानंतर काही वर्षांनी माझा चुलतभाऊ तिथल्या डाउनटाउनमध्ये एका जुन्या बँकेच्या इमारतीत राहायला गेला. सांगायचा की संध्याकाळी सहानंतर खाली चिटपाखरू नसायचं. आता पार्किंग मिळत नाही म्हणून रडतो.

प्रेषक: वहिनी

भाऊ, वॉटर हीटरचं सोडा हो, तो बदलता येतो. छप्पर, लिफ्ट, पाण्याचे उभे पाइप, त्यांच्यासाठी राखीव फंडात किती आहे हे कुणी विचारतच नाही, लॉबी बघून सही करतात. मी दर वेळी सांगते, रिझर्व्ह स्टडी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांना किती पैसे लागतील त्याचा अहवाल, मागा आणि बोर्डाच्या गेल्या दोन वर्षांच्या मीटिंगचे मिनिट्स वाचा, गळती हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. फी कमी म्हणजे चांगली बिल्डिंग असं नसतं, कधी कधी नुसतं पुढे ढकललेलं असतं, मग एक दिवस स्पेशल असेसमेंटचं, म्हणजे प्रत्येक मालकाने जादा पैसे भरायचं, पत्र येतं. 24 जून 2021 ला फ्लोरिडातल्या सर्फसाइडची 12 मजली काँडो इमारत पडली, 98 माणसं गेली, आणि दुरुस्तीच्या खर्चावरून तिथे आधी किती वर्षं वाद चालले होते ते सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर फ्लोरिडाने 2022 मध्ये तीन मजले आणि त्यावरच्या काँडोंना ठरावीक वयानंतर तपासणी सक्तीची केली. आता कर्ज देणारेही इमारतीची प्रश्नावली पाठवतात, राखीव पैसे किती, मोठी दुरुस्ती बाकी आहे का.

प्रेषक: अण्णा

फ्लोरिडा समुद्राकाठी आहे, आपल्याकडे खारं पाणी कुठे?

प्रेषक: वहिनी

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात अण्णा. गाडीला लागून तेच पार्किंगच्या स्लॅबवर ठिबकतं.

प्रेषक: खजिनदार

कृपया मूळ विषयाकडे या. भाड्याचं स्टोरेज घ्यायचं तर दरमहा खर्च आहे आणि तो कमिटीच्या मंजुरीशिवाय मी देणार नाही, शुक्रवारच्या आत कमिटी भरणार नाही. ताई, दीड वर्ष सामान तुझ्याकडे आहे, पाइप फुटून ते भिजलं असतं तर तुझ्या पॉलिसीत मंडळाचं सामान धरलं असतं का, विचारून ठेव. मंडळाच्या पॉलिसीत फक्त कार्यक्रमाचा दिवस आहे. सात खोक्यांपैकी दोन माझी असावीत, जुन्या पावत्या. ती मी नेतो.

प्रेषक: ताई (डाउनटाउन)

विचारते, पण आता विचारून काय! दोन गेली, राहिली पाच. काल जाऊन बघून आले, एकात नुसत्या वायरी आहेत आणि एकात कुणाचे तरी लहान मुलाचे बूट. ज्यांचे असतील त्यांचं मूल आता कॉलेजला गेलं असेल.

प्रेषक: नाना

बूट आमचे. हसू नका. ठीक आहे, स्पीकर आणि वायरी मी नेतो, जिन्याखाली जागा आहे. पडदा नाही. पडदा आणला तर घरात मला राहता येणार नाही. व्हॅन मुलाची मागतो, पण डॉकवर किती वेळ उभी करू देतात?

प्रेषक: ताई (डाउनटाउन)

वीस मिनिटं, मग सिक्युरिटी येतो. म्हणून सगळं आधी वर आणून डॉकपाशी लावून ठेवू. पडदा घडी घालून माझ्या पलंगाखाली मावेल, घरात काय ठेवायचं ते तरी माझं मी ठरवीन. अडचण पाइपची. आत्ता मोजले, दहा फुटी आहेत आणि लिफ्ट आतून साडेसात, तिरके धरूनही जात नाहीत. जुनी फ्रेट लिफ्ट मोठी होती म्हणे, ती काढून ही बसवली. अण्णा, तुमच्याच कमिटीने खाली नेले होते ना, मग कसे नेले?

प्रेषक: अण्णा

सुटतात ते. मधल्या जॉइंटला सहा नंबरची ॲलन की लागते, माझ्याकडे आहे. जिन्याने नेले होते, तेव्हा लिफ्ट आम्हाला कुणी दिली नव्हती. शुक्रवारी येतो, पण एकला नाही, पावणेदोनला.